जुनी नौका घेताना : कुजीची पारख, विक्रेत्याची हमी व दुरुस्ती

कोकणातील खाडीकाठच्या व किनाऱ्यालगतच्या गावांत शेती व मासेमारी हे दोन व्यवसाय पुष्कळदा एकाच घरात नांदतात. पावसाळ्यात भात आणि पुढील आठ महिने खाडी किंवा समुद्र, असा या कुटुंबांचा वर्षक्रम असतो. नवी नौका बांधण्याचा खर्च अशा कुटुंबास सहसा झेपत नाही. म्हणून भाताचे, आंब्याचे किंवा काजूचे पैसे हाती आले, की एखादी वापरलेली लाकडी होडी विकत घेण्याकडे कल असतो. हा विचार गैर नाही. योग्य पारख करून घेतलेली जुनी नौका अनेक वर्षे चाकरी देते. परंतु जिच्या आत कूज दडली आहे अशी नौका पदरी पडली, तर घातलेले भांडवल व पुढचा हंगाम या दोहोंवर पाणी पडते. आणि भर समुद्रात फळी सुटली, तर माणसांच्या जिवावरही बेतते. म्हणून नौकेस कूज कशी लागते, ती कशी ओळखावी, तिच्याविषयी कायद्याने कितपत हमी मिळते आणि दुरुस्ती कशी करावी, याची माहिती प्रत्येक खरेदीदारास व त्यास सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

कूज म्हणजे काय ?

कूज हा लाकडाच्या वयाचा परिणाम नव्हे. ती बुरशीमुळे होते. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना वाढण्यास लाकडाचे खाद्य, हवा, ऊब व ओलावा या चार गोष्टी लागतात. कोकणात पहिल्या तीन गोष्टींची वाण कधीच नसते. म्हणून सारा प्रश्न ओलाव्याचा उरतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा वीसपेक्षा कमी राहिले, तर बुरशी मूळ धरीत नाही. ते त्याहून बरेच वाढून तसेच टिकले, की कूज सुरू होते. उलटपक्षी सदैव पाण्यात बुडून पूर्ण भिजलेल्या लाकडात हवा शिरत नाही, म्हणून तेथेही ही बुरशी फारशी वाढत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. नौकेस कुजविणारे पाणी मुख्यतः समुद्राचे नसून पावसाचे असते. खाऱ्या पाण्यातील मीठ बुरशीच्या वाढीस आळा घालते. गोडे पाणी तिला पोसते. म्हणूनच कूज बहुधा पाणरेषेच्या वर, म्हणजे काठ, नाळेचा माथा, वरच्या फळ्यांचे सांधे व इंजिनाची बैठक अशा ठिकाणी आढळते. पाणरेषेखाली वेगळा शत्रू असतो. टेरेडो या नावाने शास्त्रज्ञ ज्यास ओळखतात, तो लाकूड पोखरणारा जीव दिसण्यात अळीसारखा असला, तरी शिंपल्यांच्या वर्गातील आहे. तो अगदी बारीक छिद्रातून आत शिरतो व आतल्या आत लांब बोगदे पाडतो. बाहेरून फळी धड दिसते आणि आतून ती चाळणी झालेली असते. बुरशीची कूज व किड्याचे पोखरणे यांची कारणे निराळी आहेत, म्हणून त्यांचे उपायही निराळे आहेत.

कुजलेले लाकूड पुष्कळदा हाताला कोरडे लागते, त्यामुळे काही जण त्यास ‘कोरडी कूज’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. कूज लागली तेव्हा ते लाकूड ओलेच होते. तसेच, कुजीच्या आरंभी लाकडाचे वजन थोडेच घटते, परंतु त्याचा चिवटपणा त्या मानाने कितीतरी अधिक घटतो. म्हणून ‘एवढीशी कूज आहे, चालून जाईल’ असे म्हणणे धोक्याचे ठरते.

खरेदीपूर्वीची तपासणी

नौका पाण्यात तरंगत असताना पाहून सौदा ठरवू नये. ती ओढून वर घ्यावी, तळ खरवडून स्वच्छ करावा आणि भर उजेडात पाहावी. त्यानंतर ती पाण्यात सोडून एक रात्र उभी ठेवावी व सकाळी आत किती पाणी आले ते पाहावे. वर ओढून बरेच दिवस ठेवलेल्या नौकेच्या फळ्या आकसलेल्या असतात. अशी नौका आरंभी थोडी गळते. फळ्या फुगल्यावरही गळती थांबली नाही, तर दोष आहे असे समजावे.

तपासणीस फार साहित्य लागत नाही. लाकडी हातोडी, टोकदार आरी, विजेरी व खरवडण्यासाठी एक पाते पुरेसे होते. होडी बांधणारा अनुभवी मिस्त्री बरोबर असावा. मात्र तो विक्रेत्याच्या नात्यातील किंवा सौद्यात दलाली घेणारा नसावा. आरी टोचण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी. मालकाने संमती नाकारली, तर त्यातूनच बरेच कळते.

हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकत जावे. निकोप लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. जेथे आवाज बदलेल तेथे आरी टोचावी. निकोप लाकूड आरीस विरोध करते व उचकटल्यास त्याचा लांब तंतुमय कपचा निघतो. कुजलेल्या लाकडात आरी सहज रुतते व तुकडे आखूड, भुसभुशीत निघतात.

पुढील जागा विशेष काळजीने पाहाव्यात :

(१) नाळेचा माथा आणि फळ्यांची टोके जेथे नाळेस मिळतात ते सांधे. फळीच्या टोकातून पाणी सर्वांत लवकर आत शिरते.

(२) दोन्ही काठ, विशेषतः जेथे वल्ह्यांचे किंवा जाळ्याचे दोर घासून रंग उडाला आहे त्या जागा.

(३) आतील तळफळ्यांखालील भाग. या फळ्या उचलून बरगड्या व कणा पाहावा. तळात सिमेंट ओतलेले आढळले, तर त्याखाली काय झाकले आहे याचा खुलासा मागावा.

(४) इंजिनाची बैठक. तेलकटपणामुळे येथील कूज डोळ्यांस दिसत नाही. बोल्ट सैल लागत असल्यास शंका घ्यावी.

(५) पिछाडीची फळी व सुकाणू अडकविण्याच्या जागा.

(६) खिळे. लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग व लाकूड मऊ झालेले आढळले, तर खिळा गंजून त्याची पकड गेली आहे असे समजावे.

नुकताच दिलेला जाड रंग पाहून भुलू नये. रंग टिकवितो तसाच लपवितोही. जेथे एकाच जागी नवा रंग किंवा भराव दिसेल तेथे तपासणी अधिक कसून करावी.

हल्ली काचतंतूच्या, म्हणजे लोक ज्यांस फायबरच्या म्हणतात त्या होड्याही जुन्या बाजारात येतात. ‘फायबर कुजत नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. अशा अनेक होड्यांच्या पिछाडीत व काही बरगड्यांत आत लाकूड किंवा प्लायवूड असते. इंजिन बसविण्यासाठी पाडलेल्या छिद्रांतून पाणी आत झिरपते व ते लाकूड कुजते. बाहेरचे कवच मात्र गुळगुळीत राहते. म्हणून पिछाडीवर ठोकून आवाज ऐकावा. इंजिन धरून वर-खाली हलविल्यास पिछाडी लवते का, तेही पाहावे.

हमी कोठवर मिळते ?

पुष्कळ खरेदीदारांची अशी समजूत असते, की वस्तू सदोष निघाली तर विक्रेत्याने पैसे परत दिलेच पाहिजेत. जुन्या मालाच्या बाबतीत कायदा असे सरसकट म्हणत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ अन्वये, मालाच्या गुणवत्तेची हमी विक्रेत्याने न बोलता दिली आहे असे सामान्यतः मानले जात नाही. खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावे हाच मूळ नियम आहे. त्यास महत्त्वाचे अपवाद दोन आहेत. पहिला असा, की विक्रेत्याचा धंदाच तशा मालाचा आहे आणि खरेदीदाराने आपला हेतू सांगून त्याच्या ज्ञानावर विसंबून माल घेतला आहे. दुसरा असा, की तशा मालाच्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला आहे; अशा वेळी तो विक्रीयोग्य असला पाहिजे. परंतु या दुसऱ्या प्रकारात खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता, त्याबद्दल पुढे तक्रार चालत नाही.

म्हणजे शेजारच्या गावातील एखाद्या मच्छीमाराने आपली स्वतःची जुनी होडी विकली व ती पुढे कुजकी निघाली, तर केवळ तेवढ्यावरून त्यास जबाबदार धरता येत नाही. मात्र त्याने जाणूनबुजून खोटे सांगितले किंवा कूज दिसू नये म्हणून ती भरावाने व रंगाने झाकली, तर गोष्ट वेगळी होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १७ प्रमाणे, फसविण्याच्या हेतूने एखादी गोष्ट दडवून ठेवणे हा कपट ठरतो, आणि कलम १९ प्रमाणे कपटाने झालेला करार फसविला गेलेल्या पक्षास रद्द करता येतो. केवळ गप्प राहणे हे मात्र सामान्यतः कपट समजले जात नाही. म्हणूनच खरेदीदाराने प्रश्न विचारले पाहिजेत. विचारलेल्या प्रश्नास दिलेले खोटे उत्तर आणि न विचारल्यामुळे राहिलेले मौन, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

लेखी हमी असली, की हा सारा वाद पुष्कळ सोपा होतो. ती खोटी ठरल्यास कलम ५९ प्रमाणे किंमत कमी करून मागता येते किंवा नुकसानभरपाईचा दावा करता येतो. याउलट ‘आहे त्या स्थितीत नौका घेतली, पुढे कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य दस्तात असेल, तर कलम ६२ अन्वये गृहीत हमीही वगळली जाऊ शकते. अशा वाक्याखाली सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

नव्या होडीबरोबर किंवा इंजिनाबरोबर कारखान्याने दिलेली हमी दुसऱ्या मालकास आपोआप मिळते असेही समजू नये. ती पहिल्या खरेदीदारापुरती आहे की हस्तांतरित होते, हे हमीपत्रातच वाचावे. बहुतेक हमीपत्रांत मुदत असते व देखभालीच्या अटीही असतात.

विम्याविषयीही असाच गैरसमज आहे. सागरी विमा अधिनियम, १९६३ याच्या कलम ५५ प्रमाणे, विमापत्रात वेगळे लिहिले नसल्यास नेहमीची झीज, वस्तूच्या अंगचा दोष व उपद्रवी जीवांमुळे झालेले नुकसान यांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नसते. वादळात होडी फुटणे ही आपत्ती आहे. हळूहळू कुजणे ही आपत्ती नव्हे. म्हणून कुजीचा खर्च विम्यातून निघेल या भरवशावर कोणी राहू नये.

दस्त कसा लिहावा ?

तोंडी शब्दावर सौदा करण्याची रीत गावोगाव आहे. ती परस्पर विश्वासाची खूण असली, तरी पुढे वाद निघाल्यास दोन्ही पक्षांची नाती तुटतात. लेखी दस्त हा अविश्वास नसून दोघांचेही संरक्षण आहे. योग्य मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसमक्ष पुढील आशयाचा मजकूर असावा :

‘सदर नौकेचा नोंदणी क्रमांक, लांबी, लाकडाचा प्रकार, बांधणीचे वर्ष व इंजिनाचा क्रमांक वर दिल्याप्रमाणे आहे. नौकेचा कणा, नाळ, बरगड्या, पिछाडी व इंजिनाची बैठक यांस विक्रेत्याच्या माहितीप्रमाणे कूज किंवा कीड नाही. अमुक भागाची दुरुस्ती अमुक वर्षी झालेली आहे. ताबा दिल्यापासून अमुक महिन्यांच्या आत वरील भागांत विक्रीपूर्वीची कूज आढळल्यास, दोघांनी मान्य केलेल्या मिस्त्रीच्या अंदाजाप्रमाणे दुरुस्तीचा खर्च विक्रेता देईल. नौकेवर कोणाचेही कर्ज किंवा बोजा नाही.’

शक्य असल्यास किमतीचा काही भाग एक महिन्यानंतर देण्याचे ठरवावे. नौका पाण्यात महिनाभर चालली, की बहुतेक दोष उघड होतात. तसेच मत्स्यव्यवसाय विभागाकडील नोंदणी व मासेमारी परवाना आपल्या नावे करून घेतल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे मानू नये. बँकेचे किंवा सहकारी संस्थेचे कर्ज फिटल्याचा दाखलाही पाहावा.

कूज उघडकीस आल्यास

ताबा घेतल्यावर कूज आढळली, तर रागाच्या भरात लगेच फळ्या उपटू नयेत, कारण त्यांतच पुरावा असतो. प्रथम छायाचित्रे घ्यावीत. विक्रेत्यास बोलावून दोन जाणत्या माणसांसमक्ष पाहणी करावी व मिस्त्रीचे मत लेखी घ्यावे. विक्रेता न आल्यास त्यास पोचपावतीसह टपालाने नोटीस पाठवावी. कापून काढलेले कुजके तुकडेही जपून ठेवावेत.

विक्रेता नौकांचा व्यापारी असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार एरवी ‘ग्राहक’ ठरत नाही; परंतु जो स्वतः राबून, केवळ आपल्या चरितार्थासाठी वस्तू वापरतो, त्यास हा कायदा ग्राहकच मानतो. आपल्या एकुलत्या होडीवर पोट भरणारा मच्छीमार या सवलतीचा लाभ घेऊ शकतो. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. विक्रेता व्यापारी नसेल, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. तेथे पात्र व्यक्तींस तालुका विधी सेवा समितीकडून मोफत साहाय्य मिळते. तथापि लहान रकमेच्या वादात गावातच समजुतीने खर्च वाटून घेणे दोघांसही बहुधा हितावह ठरते.

दुरुस्ती

दुरुस्तीपूर्वी हिशेब करावा. उदाहरणार्थ, दीड लाखास घेतलेल्या नौकेस पन्नास हजारांची दुरुस्ती लागली व त्यात हंगामाचा एक महिना गेला, तर ती नौका दोन लाखांस पडली आणि शिवाय महिन्याची कमाई बुडाली. हा हिशेब सौद्यापूर्वी केला, तर किंमत कमी करून मागता येते. नंतर केला, तर केवळ पश्चात्ताप होतो. कणा कुजला असेल किंवा लागोपाठच्या अनेक बरगड्या गेल्या असतील, तर अशी नौका न घेणेच शहाणपणाचे.

दुरुस्तीचा पहिला नियम असा, की प्रथम पाणी कोठून येते ते शोधून ती वाट बंद करावी. कारण तसेच राहिले, तर नवे लाकूडही त्याच वाटेने जाईल. दुसरा नियम असा, की कुजलेला भाग पूर्ण काढावा. बुरशीचे तंतू डोळ्यांस दिसणाऱ्या कुजीच्या पलीकडे गेलेले असतात. म्हणून लाकडाच्या रेषेच्या दिशेने दोन्ही बाजूंस निदान एक वीतभर निकोप दिसणारे लाकूडही कापून काढणे बरे. उरलेले लाकूड सावलीत, वारा खेळता ठेवून पुरते वाळू द्यावे व मगच नवा तुकडा बसवावा.

नवे लाकूड शक्यतो मूळ जातीचे, मुरलेले व गाभ्याचे असावे. सागाचेदेखील बाहेरचे फिकट लाकूड टिकाऊ नसते, हे विसरू नये. जोड सरळ काटकोनात न करता तिरकस करावा. उताराची लांबी फळीच्या जाडीच्या निदान आठपट असावी. म्हणजे २५ मिलिमीटर जाडीच्या फळीस २०० मिलिमीटर लांबीचा तिरकस सांधा हवा. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एकाच बरगडीजवळ येऊ देऊ नयेत. तुकडा बसविण्यापूर्वी त्याच्या सर्व बाजूंस, विशेषतः दोन्ही टोकांस, तांबेयुक्त लाकूडसंरक्षक किंवा अस्तराचा रंग लावावा. खिळे तांब्याचे किंवा जस्ताचा जाड मुलामा दिलेले वापरावेत. मात्र तांबे व लोखंड एकमेकांस चिकटून ठेवू नये. खाऱ्या पाण्यात अशा जोडीतील लोखंड झपाट्याने गंजते.

बोरॅक्स व बोरिक आम्ल यांचे द्रावण बुरशीवर गुणकारी आहे, परंतु ते पाण्यात विरघळून निघून जाते. म्हणून ते आतील, कोरड्या राहणाऱ्या भागासच वापरावे व त्यावर रंग द्यावा. तांबे, क्रोम व आर्सेनिक यांच्या मिश्रणाने दाबाखाली प्रक्रिया केलेले लाकूड बुरशी व कीड या दोहोंस तोंड देते. तथापि ते विषारी असल्याने त्याचा भुसा गोठ्यात अंथरू नये व त्याचे तुकडे चुलीत जाळू नयेत. १९५७ साली स्थापन झालेल्या कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशा प्रक्रियेने रबराच्या झाडाचे स्वस्त लाकूडही होडीसाठी वापरता येते हे दाखवून दिले आहे.

जुन्या लाकडी होडीवर काचतंतूचे आवरण चढविण्याची टूम अलीकडे दिसते. कोरड्या व निकोप लाकडावर ते किड्यापासून चांगले रक्षण करते. परंतु ओल्या किंवा कुजक्या लाकडावर ते चढविले, तर ओलावा आत कोंडला जातो व कूज अधिकच फोफावते. जखम न धुता पट्टी बांधावी तसे ते होय.

पावसाळ्यातील निगा

यांत्रिक नौकांस पश्चिम किनाऱ्यावर साधारणतः १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौकेची खरी कसोटी याच काळात लागते. ती वर ओढून नाळ किंचित उंच ठेवावी, तळाचे बूच काढावे व तळफळ्या उचलून ठेवाव्यात. वर झापांचे किंवा ताडपत्रीचे आच्छादन घालावे. मात्र दोन्ही टोकांस वाऱ्यास वाट ठेवावी. घट्ट गुंडाळलेली ताडपत्री पाऊस अडविते, पण आतला दमट कोंदटपणाही राखते. बैलास गोठा जसा कोरडा व हवेशीर लागतो तसाच नौकेसही लागतो.

ध्यानात ठेवावे

१. नौका वर ओढून, ठोकून व टोचून पाहिल्याखेरीज विसार देऊ नये.
२. प्रश्न विचारावेत आणि उत्तरे दस्तात लिहून घ्यावीत.
३. विमा किंवा जुने हमीपत्र कूज भरून देईल असे गृहीत धरू नये.
४. कूज आढळल्यास पुरावा राखून मगच दुरुस्ती करावी.
५. कुजीवर रंग, सिमेंट किंवा काचतंतू चढवू नये. कुजके लाकूड काढून पाण्याची वाट बंद करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत हा विषय मांडावा आणि वर ओढून ठेवलेल्या एखाद्या नौकेवर हातोडी व आरीची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. निकोप व कुजक्या लाकडाच्या आवाजातील फरक एकदा कानांनी ऐकला, की तो सहसा विसरत नाही.